दोनदा घातलेलं खत

६ मार्च

टोमॅटोची फुलं पुन्हा गळली! गच्चीभर पिवळा कचरा. मी कुरकुरले तर अप्पा म्हणतात, "ऊन चढतंय सूनबाई, झाड स्वतःला सांभाळतंय. भूक लागली की ते सांगतं." सांगतं म्हणे! माझ्याशी तर आजवर एकही झाड बोललेलं नाही.

सासरे आहेत म्हणून गप्प बसते. पण त्यांचं ते मोजूनमापून खत घालणं बघून माझा जीव वरखाली होतो. आयुष्यभर औषधांच्या दुकानात पुड्या बांधल्या ना! एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी निळ्या डब्यातली पावडर काढायची, चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा, बादलीत ढवळायचं आणि प्रत्येक कुंडीला अर्धा मग. बाळाला औषध पाजावं तसं. एरवी नुसतं स्वयंपाकघरातल्या सालींचं कुजवलेलं खत. वर ऐकवणार, "जास्त खाऊन मेलेली झाडं मी पुष्कळ पाहिलीत. उपाशी मेलेलं एकही नाही."

कामावरून येताना नर्सरीत डोकावले. नर्सरीवाली म्हणाली, "फुलं टिकत नाहीत? मग हे न्या ताई. फरक दिसेल." चकचकीत पाकीट. वर टोमॅटोचं चित्र — लहान मुलाच्या डोक्याएवढा एकेक! घेतलं.

७ मार्च

पाकीट अजून पर्समध्येच. अप्पा गच्चीवरून हलतील तर ना!

१० मार्च, मंगळवार

झालं एकदाचं.

मंगळवारी संध्याकाळी अप्पा बुद्धिबळ खेळायला जातात, खालच्या गल्लीत, त्यांच्या मित्राकडे. तो मित्र म्हणजे निवृत्त तारमास्तर. मी छापखान्यातून मुद्दाम लवकर निघाले. ऊन अजून होतंच. कुंड्यांमधली माती टणक झाली होती. अप्पा आधी साधं पाणी घालतात, अर्धा तास थांबतात, मग खत. मला कुठला वेळ! पाकिटावरची अक्षरं मुंगीएवढी, चष्मा खाली राहिलेला. 'चमचा' एवढं दिसलं; एका झारीला एक, असं धरलं. वाढायचा चमचा घेऊन आले होते, तोच वापरला. टोमॅटो, मिरच्या, लिंबू, गुलाब — सगळ्यांना पोटभर.

कुणाला काही सांगितलेलं नाही. फुलांनी झाडं लगडली की मग सांगेन. अप्पांचा चेहरा बघायचाय मला तेव्हा!

१२ मार्च

मिरच्यांनी माना टाकल्यात. उन्हाने असेल.

१३ मार्च

काय लिहू! सगळं जळालं.

सकाळी अप्पांची हाक आली. नेहमीची नाही, मध्येच तुटलेली. मी आणि नवरा दोघंही धावत वर गेलो. टोमॅटोची पानं कडेने तपकिरी, कुरकुरीत, आत वळलेली. लिंबाखाली पानांचा ढीग. गुलाबाच्या कोवळ्या फुटीला कुणी गरम इस्त्री टेकवावी तशी गत.

अप्पा वाकले. कुंडीतली माती नखाने उकरली. वर पांढरी खपली धरली होती. ती बोटावर घेतली, वास घेतला, डोळ्यांजवळ नेली. "डोस जास्त झालाय," म्हणाले. "फार जास्त."

नवरा म्हणाला, "पण खत तर तुम्ही रविवारीच घातलंत ना?"

"हो. रविवारी."

"मग पुन्हा घातलंत की काय? विसरून?"

सहज विचारलं त्याने. मनात काही नव्हतं त्याच्या. अप्पा मात्र बोटावरच्या त्या भुकटीकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "कुंड्यांना माझ्याशिवाय कोण हात लावतं? मीच घातलं असणार. दोनदा. आठवत नाही बघ."

मी तिथेच उभी होते. ओल्या कपड्यांची बादली तशीच हातात राहिलेली. तोंड उघडलंही होतं! पण तेवढ्यात नवरा म्हणाला, "जाऊ दे हो अप्पा, होतं या वयात." अप्पांनी मान हलवली. आणि मी तोंड मिटलं.

कामाला उशीर होतोय म्हणून खाली आले. खोटं. उशीर होत नव्हता.

१४ मार्च

चष्मा लावून पाकीट वाचलं. 'पाव चहाचा चमचा, पाच लिटर पाण्यात. कोरड्या मातीत देऊ नये. उन्हात देऊ नये.'

मी एकेका झारीत वाढायचा चमचा शीग लावून घातला होता.

आणि पोटापाण्यासाठी मी करते काय? प्रुफं तपासते! दिवसभर दुसऱ्यांचे काना-मात्रे पकडते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लाल शाईने गोल करते. स्वतःच्या हातातलं पाकीट वाचलं नाही.

ते पाकीट आता धुलाई यंत्राच्या मागे आहे. कचऱ्यात टाकलं असतं, पण कचऱ्यातल्या साली अप्पा स्वतः निवडतात, त्यांना दिसलं असतं. म्हणजे हा विचार मी केला. शांतपणे, भांडी विसळता विसळता केला. शी!

१५ मार्च, रविवार

आज सांगणार होते. चहाला तिघंही एकत्र होतो. अप्पा गप्प, पण बरे होते. मी कप खाली ठेवला, घसा खाकरला — आणि वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, दर रविवारी फोन असतोच. नवऱ्याने हसत हसत झाडांची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत.

"अरे, हे हसण्यावारी नेऊ नकोस. आज खत दोनदा घातलं, उद्या गॅस चालू ठेवून झोपतील. डॉक्टरला दाखवलंस का?"

फोन स्पीकरवर होता. अप्पा समोरच बसून बिस्कीट चहात बुडवत होते. बिस्कीट तुटून कपात पडलं. त्यांनी ते काढलंही नाही.

मग मी नाही सांगितलं. आता कसं सांगणार, असं वाटलं. तेव्हाच तर सांगायला हवं होतं! वाक्य तरी केवढं? 'अप्पा, खत मी घातलं.' एवढंच. चार शब्द! आणि मी मूग गिळून बसले.

१७ मार्च, मंगळवार

अप्पा बुद्धिबळाला गेले नाहीत. "नको. भलतीच चाल खेळेन, तारमास्तराला उगाच संकोच."

१८ मार्च

कामावर जायच्या आधी वर गेले. कुंड्यांवरची पांढरी खपली खरवडून काढली. मग प्रत्येक कुंडीत पाणी, खालच्या भोकातून भळभळा वाहेपर्यंत. थांबायचं, पुन्हा पाणी. जादा खत असंच धुऊन काढतात, नर्सरीवालीने सांगितलं. जळकी पानं कात्रीने छाटली. कंबर मोडली.

वळून बघते तर दारात अप्पा उभे. उंबऱ्याच्या आतच. गच्चीवर पाऊल टाकलं नाही.

म्हणाले, "माझ्या चुकीपायी तुला किती राबावं लागतंय गं."

मी पाणी घालत राहिले. मान वर केली नाही.

२० मार्च

टोमॅटो गेले. उपटले. मुळं तपकिरी, लिबलिबीत. पिशवीत भरून, वरून कागद टाकून खाली नेले. अप्पांना दिसू नयेत म्हणून. म्हणजे काळजी म्हणायची का ही? की आणखी एक लपवाछपवी?

२२ मार्च, रविवार

निळा डबा अप्पांनी कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवून दिला. आज खताचा रविवार होता. ते खाटेवर बसून होते, हात मांडीवर.

सकाळी औषधाच्या डब्या घेऊन माझ्याकडे आले. "सूनबाई, या गोळ्या आजपासून तू काढून देत जा. माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला."

ते! शेजारपाजारचे लोक डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आजही ज्यांच्याकडे येतात — "अप्पा, ही जेवणाआधी की नंतर?" — ते अप्पा मला म्हणतायत, गोळ्या तू काढ. मला! जिने चमचा बघितला नाही तिला!

मी गोळ्या काढून दिल्या. प्रत्येक डबीवरचं नाव दोनदा वाचलं. त्यांनी न बघता तोंडात टाकल्या.

२४ मार्च

आज जे केलं ते लिहायचीही लाज वाटते.

खरं सांगायचा धीर नाही, म्हणून अर्धवट काहीतरी शोधून काढलं. जेवताना म्हटलं, "अप्पा, नर्सरीवाली सांगत होती, यंदा त्या निळ्या डब्यातल्या खताबद्दल बऱ्याच तक्रारी आल्यात म्हणे. मालच खराब असेल. तुमची काही चूक नाही."

मला वाटलं, त्यांचा चेहरा खुलेल. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग हसले. इतकं मायेने की मी ताटाकडे बघायला लागले.

"तो डबा जुनाच आहे गं. वर्षभर तोच वापरतोय. तू माझी चूक झाकायला बघतेस ते कळतं मला." आणि नवऱ्याला म्हणाले, "गुणाची आहे रे तुझी बायको. जप तिला."

नवऱ्याने टेबलाखालून माझा हात दाबला. देवा!

२७ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिघंही. चांगली बाई, आवाज मऊ. अप्पांना घड्याळ काढायला सांगितलं. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. काही शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. घड्याळ सुरेख काढलं. वजाबाकीत एकदाही अडखळले नाहीत. शब्दांपैकी एक राहिला. कपाळावर घाम आला त्यांच्या. खिडकीकडे बघून ओठ हलवत होते, शाळेतल्या मुलासारखे.

"काय होतं म्हणून आलात?" बाईंनी विचारलं.

अप्पा स्वतःच बोलले. "मी दोनदा खत घातलं आणि विसरलो."

मी खुर्चीच्या कडेला बसले होते. माझ्या अंगावरची साडी मला टोचायला लागली.

बाई म्हणाल्या, "एक शब्द राहणं म्हणजे काही नाही, या वयात चालतं. आत्ता ठामपणे काहीच सांगता येणार नाही. थोडे खचलेत ते. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

बाहेर आल्यावर अप्पांनी मला विचारलं, "कोणता शब्द राहिला गं?" मी सांगितला — पूल. वाटभर तो पुटपुटत होते. पूल. पूल.

२९ मार्च, रविवार

वन्सं स्वतः आल्या. ठरवूनच आल्या होत्या.

"तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. अप्पा घरात एकटे. मी घरी असते. मी नेते त्यांना माझ्याकडे. निदान डोळ्यांसमोर तरी राहतील."

नवरा म्हणाला, "अगं ताई, पण तुझ्या घराला साधी बाल्कनी नाही. अप्पांचा वेळ कसा जाईल?"

"झाडांचं काय झालं ते बघितलंस ना? आता बागकाम पुरे."

चुकीचं काय बोलल्या त्या? काहीच नाही. त्यांना जे माहीत आहे त्यावरून मीही तेच म्हटलं असतं.

अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही ठरवाल तसं." ज्या माणसाने आजवर स्वतःच्या शर्टाची बटणंसुद्धा दुसऱ्याला लावू दिली नाहीत, तो म्हणतो — तुम्ही ठरवाल तसं.

३१ मार्च

कारणं शोधतेय. पहिल्या दिवशी का गप्प बसले? हसं होईल म्हणून. वन्सं मला लग्नापासून 'उतावळी' म्हणतात, त्यांना आयतं कोलीत मिळेल म्हणून. एवढंच! आणि आता? आता हसण्यापलीकडे गेलंय म्हणून गप्प. सांगितलं तर नवरा विचारेल, इतके दिवस? डॉक्टरांकडे नेलं तेव्हाही?

एकेक दिवस गप्प बसले की पुढचा दिवस जड होत जातो. झाडांचं निदान पाण्याने धुता येतं.

१ एप्रिल

अप्पांची बॅग भरली जातेय. उद्या संध्याकाळी वन्संचे यजमान गाडी घेऊन येणार. आज अप्पांनी गच्चीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"गुलाबाला नवी फूट आली तर लगेच खायला देऊ नकोस. आजारी माणसाला कुणी पंचपक्वान्नं वाढत नाही. आणि लिंबू — ते जगेल. मला वाटतं जगेल."

मी किल्ली मुठीत धरून उभी. ते खोलीत गेले, दार लोटून घेतलं.

२ एप्रिल

सांगितलं.

कामावर गेले नाही. नवरा गेल्यावर धुलाई यंत्र ओढलं, मागून पाकीट काढलं, झाडलं. अप्पा खोलीत शर्टाच्या घड्या घालत होते. ते पाकीट त्यांच्यासमोर खाटेवर ठेवलं.

"अप्पा, हे मी घातलं. सगळ्या कुंड्यांना. तुम्ही बुद्धिबळाला गेला होता त्या मंगळवारी. न वाचता, मोठ्या चमच्याने. तुम्ही दोनदा नाही घातलंत. एकदाच घातलंत. बरोबर घातलंत."

एका दमात बोलले. त्यांनी भिंग शोधलं. पाकीट उलटं केलं आणि मागचं बारीक अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, "चमचा कोणता?"

मी स्वयंपाकघरातून तो आणून दाखवला. त्यांनी हातात घेऊन तोलला. "शीग लावून?"

"हो."

"कोरड्या मातीत?"

"हो."

खाली बसले. "म्हणजे मी नाही?"

"नाही अप्पा."

"म्हणजे मी नाही?" पुन्हा. आणि हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझा जीव भांड्यात पडला, मीही रडत रडत हसायला लागले — आणि एकदम ते थांबले.

"रोज सकाळी मी अंथरुणात पडून स्वतःची परीक्षा घेत होतो," म्हणाले. "शाळेतल्या मास्तरांची नावं. दुकानातल्या बरण्या, डावीकडून उजवीकडे. तुझ्या सासूच्या माहेरच्या सगळ्यांची नावं. एखादं नाव अडलं की वाटायचं, चाललो आता. आणि तू त्याच वेळी बाहेर चहा करत होतीस."

मी खाटेवरचा एक शर्ट उचलून घडी घालायला लागले.

"डॉक्टरकडे माझ्या शेजारी बसली होतीस."

"हो."

"जा. थोडा वेळ जा बाहेर."

गेले. जिन्यात बसून राहिले. बऱ्याच वेळाने आतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. ते शर्ट पुन्हा कपाटात लावत होते.

३ एप्रिल

काल संध्याकाळी अप्पांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. वन्संच्या यजमानांना चहा देऊन रिकाम्या हाताने परत पाठवलं. नवरा माझ्याशी बोलत नाहीये. एकदाच बोलला — "घातलंस ते सोड. पण तू बघत बसलीस?" वन्संनी फोन केला, मी उचलला, त्या म्हणाल्या, "अप्पांना दे." बस.

सगळं रास्त आहे. खावंच लागेल. आणि तरी — काल कितीतरी दिवसांनी मी गाढ झोपले.

५ एप्रिल, रविवार

अप्पांनी वरच्या फळीवरचा निळा डबा मलाच काढायला लावला. वर गेलो. ऊन कोवळं होतं. आधी साधं पाणी. "आता बस. माती पिऊ दे." बसलो. मग त्यांनी चमचा माझ्या हातात दिला, सुरी दिली. मी सपाट केला.

"अर्धाच. आजारातून उठतायत."

मी अर्धा केला. त्यांनी तरी दोनदा वाकून बघितलं. मग म्हणाले, "माझा राग गेलेला नाही."

"माहीत आहे."

"गेला की सांगेन." आणि बादली माझ्याकडे सरकवली.

७ एप्रिल, मंगळवार

अप्पा बुद्धिबळाला गेले! हरून आले आणि खुशीत होते.

९ एप्रिल

लिंबाला फूट. तांदळाच्या दाण्याएवढी, पण हिरवी. नवऱ्याला हाक मारून दाखवली. आला. बघितली. "छान," म्हणाला. एक शब्द, पण बोलला.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी चहा घेता घेता अप्पा म्हणाले, "सूनबाई, मनात आहे ते बोलू का? मी ते खत दोनदा घातलं ना, तेव्हापासून झाडांकडे बघवत नाही गं मला."

नवऱ्याचा कप हातातच राहिला.

मला वाटलं, चेष्टा करतायत. सूड उगवतायत माझ्यावर. तसंच असू दे, म्हणून किती वेळ त्यांच्या डोळ्यांत शोधत राहिले.

तसं नव्हतं.

"अप्पा, तुम्ही नाही. खत मी घातलं होतं."

"तू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं. "म्हणजे मी नाही?"